प्रतिस्पर्ध्याची गाडी रस्त्यावर कशी तपासतात? हिस्पानो-सुइझा आणि रोल्स-रॉईसच्या जोडीवरून समजून घेऊ

१९१९ साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात हिस्पानो-सुइझाने एच-६ ही गाडी मांडली. मार्क बिर्किग्ट या स्विस अभियंत्याने पहिल्या महायुद्धात विमानांची इंजिनं बनवली होती आणि तिथे शिकलेलं बरंच काही या गाडीत उतरलं होतं. सहा सिलिंडर, १०० मि.मी. बोअर (सिलिंडरचा व्यास), १४० मि.मी. स्ट्रोक (पिस्टनची धाव), ६५९७ सी.सी. अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, त्यात स्टीलचे लायनर, वर एकच कॅमशाफ्ट. पण जाणकारांची नजर खिळली ती चाकांवर. चारही चाकांना ब्रेक होते आणि ते दाबायला गाडीच स्वतःच्या वेगातून मदत करत होती.

त्याच वेळी इंग्लंडमधल्या डर्बीत रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट बनवत होती. ही गाडी १९०६ पासून चालत आलेली, तेव्हा ७४२८ सी.सी.ची, शांतपणासाठी जगभर नाव कमावलेली. तिचे ब्रेक मात्र फक्त मागच्या चाकांना. १९२४ पासून सिल्व्हर घोस्टला पुढचे ब्रेक मिळू लागले आणि त्यांना जोर देणारा सर्व्हो हिस्पानोच्या पेटंटवर, रीतसर परवाना घेऊन बनवलेला होता. जगातली सर्वांत उत्तम गाडी बनवतो असं सांगणाऱ्या कंपनीने प्रतिस्पर्ध्याचा ब्रेक पैसे मोजून घेतला, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

असा निर्णय नुसत्या ‘त्यांची गाडी छान थांबते’ एवढ्यावर होत नाही. किती छान, कोणत्या वेगाला, कोणत्या भागामुळे, आणि तो भाग आपल्या गाडीत बसवला तर काय बिघडेल, इतकं कळावं लागतं. त्यासाठी प्रतिस्पर्ध्याची गाडी रस्त्यावर तपासण्याची एक शिस्तबद्ध रीत आहे. १९२२ ची हिस्पानो एच-६-बी आणि त्याच काळची सिल्व्हर घोस्ट समोर आहेत असं धरून ती रीत पाहू. आज कुणाकडे अशा दोन जुन्या गाड्या असतील तर बहुतेक सगळं जसंच्या तसं करता येईल. जिथे शंभर वर्षांच्या लोखंडाची काळजी घ्यायला हवी, तिथे तसं सांगितलं आहे.

आधी गाडी नीट लावा, मग मोजा

सर्वांत मोठी चूक सुरुवातीलाच होते. दुसऱ्याची गाडी आणायची, तिच्यात बसायचं आणि सुटायचं. आपली गाडी आपल्या मेकॅनिकने जिवापाड जपलेली असते, तिची नाही. मग निकाल लागतो तो दोन मेकॅनिकांचा.

म्हणून आधी तिचं ट्युनिंग तिच्या कारखान्याच्या मापांप्रमाणे करायचं. सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एखाद्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तो दूर केल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हॉल्व्हचा गॅप, इग्निशन टायमिंग, कार्ब्युरेटर, पुढच्या चाकांचं अलाइनमेंट, टायरमधली हवा, ब्रेकचं अ‍ॅडजस्टमेंट, सगळं तपासून लिहून ठेवा. हिस्पानोत कॅम थेट व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या चकतीवर बसतो आणि ती चकती फिरवून गॅप ठेवतात. त्यासाठी खास चावी लागते. ती नसेल तर पक्कड लावू नका, चकतीचे दाते गेले की पुढचं काम वाढतं. शिवाय या इंजिनाचं हेड वेगळं निघत नाही, ब्लॉक आणि हेड एकच ओतीव काम आहे. जळका व्हॉल्व्ह ‘बघू नंतर’ म्हणून सोडला, तर नंतर अख्खा ब्लॉक उतरवावा लागतो.

मग वजन. त्या काळी या दोन्ही कंपन्या फक्त चासी विकत. बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घेई. त्यामुळे एकाच चासीवर हलकी उघडी टूरर असू शकते किंवा काचा-पडदे-लाकूडकामाने भरलेली लिमोझिन, आणि दोघींत कित्येक शे किलोंचा फरक पडतो. वजनकाट्यावर आधी पुढची चाकं, मग मागची, मग पूर्ण गाडी असं तीनदा वजन घ्या. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाशी जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर काट्याचा रस्ता सपाट नाही. हलक्या गाडीत वाळूची पोती ठेवून दोघींचं एकूण वजन सारखं करा. पोती सगळी मागे टाकू नका. पुढच्या-मागच्या चाकांवरची विभागणी बदलली की ब्रेकचे आकडे खोटे ठरतात. पोती पक्की बांधा, कारण जोरात ब्रेक दाबल्यावर ५० किलोचं पोतं सरळ ड्रायव्हरच्या पाठीवर येतं.

आता टायरचा घेर. स्पीडोमीटरवर विसंबून राहता येत नाही, कारण जुन्या आकाराचे टायर मिळत नाहीत म्हणून कुणी जवळपासचे चढवलेले असतात. गाडीत माणसं बसवा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी ढकलत चाक बरोबर पाच फेऱ्या फिरवा आणि अंतर मोजा. समजा १३.२० मीटर आलं, तर एका फेरीला २.६४ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ३७९ फेऱ्या. एक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला टॉपमधल्या इंजिनाचे फेरे, ३.४ असेल तर टॉप गिअरमध्ये इंजिन एका किलोमीटरला सुमारे १२८८ फेरे घेतं. ६० कि.मी. वेगाला मिनिटाला एक किलोमीटर होतो, तेव्हा इंजिनही १२८८ आरपीएमवर असणार. पुढची अर्धी तपासणी या एका आकड्यावर उभी राहते.

रेशो माहीत नसेल तर प्लग काढून, टॉपमध्ये टाकून, हँडल मारत मोजता येतो. इथे एक हमखास फसगत होते. मागचं एकच चाक जॅकवर घेतलं तर डिफरन्शियलमुळे ते दुप्पट फिरतं आणि ३.४ चा रेशो १.७ दिसतो. दोन्ही चाकं उचला आणि दोघांच्या फेऱ्यांची सरासरी घ्या.

रस्ता, वारा आणि वही

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, पाठोपाठ चालवायच्या. आधी किमान ३० कि.मी. चालवून गिअरबॉक्स आणि एक्सलचं तेल गरम करा. थंड, घट्ट तेल ओढण्यात बरीच ताकद जाते आणि ते इंजिनाच्या नावावर लिहिलं जातं. प्रत्येक मोजमाप दोन्ही दिशांनी घ्या आणि वेळांची सरासरी काढा. डोळ्यांना सपाट दिसणारा रस्ताही सहसा थोडा कललेला असतो, आणि ताशी १५ कि.मी.चा वारा दोन मीटर उंच लिमोझिनला चांगलाच अडवतो.

गाडीत दोन माणसं हवीत. चालवणाऱ्याने लिहायचं नाही आणि लिहिणाऱ्याने चालवणाऱ्याला आधीचे आकडे सांगायचे नाहीत. आधीचा आकडा कानावर पडला की पाय नकळत जास्त दाबला जातो.

वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या अशा जाहीरपणे तोलण्याचा गाजलेला प्रसंग १९११ चा आहे. नेपियर या ब्रिटिश मोटार कंपनीने लंडन ते एडिंबरो आणि परत हा प्रवास फक्त टॉप गिअरमध्ये, रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या देखरेखीखाली केला. गॅलनला १९.३५ मैल पडले आणि ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी ७६.४२ मैल वेग मिळाला. रोल्स-रॉईसने अर्नेस्ट हाइव्ज यांच्या हाती १७०१ क्रमांकाची गाडी देऊन तोच प्रवास केला: गॅलनला २४.३२ मैल आणि ताशी ७८.२६ मैल. लिटरच्या हिशेबात ६.८ विरुद्ध ८.६ कि.मी. वेगातला फरक जेमतेम अडीच टक्के, पेट्रोलमधला पंचवीस टक्के. खरी बातमी पेट्रोलच्या आकड्यात आहे, कारण तो कार्ब्युरेटर, कॉम्प्रेशन आणि गाडीच्या ओढीबद्दल सांगतो. अडीच टक्के वेग तर वाऱ्याच्या एका झुळुकीतही सापडतो.

याच्या उलट टोकाचा प्रसंग १९२८ चा, इंडियानापोलिसचा. वेमन यांनी आपली आठ लिटरची हिस्पानो आणि स्टुट्झ कंपनीचे प्रमुख मॉस्कोविक्स यांनी आपली पाच लिटरच्या आतबाहेरची गाडी २५,००० डॉलरच्या पैजेवर चोवीस तास पळवायची ठरवली. स्टुट्झचं इंजिन आधीच मोडलं आणि पैज हिस्पानोने जिंकली. हिस्पानो टिकाऊ आहे हे त्यातून दिसलं, पण दोन आकारांची इंजिनं एकमेकांसमोर ठेवून स्टुट्झची रचना चांगली की वाईट हे ठरत नाही. अशा शर्यतीतून अभियंत्याच्या हाती फारच थोडं लागतं.

सी.सी. सारखी असली तरी जपूनच बोलावं. बेंटलेची १९२६ ची साडेसहा लिटरची गाडीसुद्धा नेमकी १०० बाय १४० आणि ६५९७ सी.सी. होती. तिच्यात प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, हिस्पानोत दोन. कागदावर जुळ्या, रस्त्यावर अगदी वेगळ्या.

न्यूट्रलमध्ये सोडून दिलेली गाडी

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त सांगणारी चाचणी हीच. गाडी ७० कि.मी. वेगाला न्या, न्यूट्रल करा आणि सोडून द्या. दर १० कि.मी. वेग कमी व्हायला किती सेकंद लागतात ते लिहा.

समजा ५० वरून ४० वर यायला १२ सेकंद लागले. ताशी १० कि.मी. म्हणजे सेकंदाला २.७८ मीटर, त्याला १२ ने भागलं की ०.२३. गाडीचं वजन २३०० किलो असेल तर तिला मागे ओढणारा जोर सुमारे ५३० न्यूटन, म्हणजे साधारण ५४ किलोचा. टायर, बेअरिंग आणि हवा मिळून एवढी ओढ या आकाराच्या गाडीत अपेक्षितच आहे. हाच आकडा ८० किलो आला तर एखादा ब्रेक चिकटतो आहे. थांबल्यावर ड्रमजवळ हात न्या. जो ड्रम गरम लागेल तो गुन्हेगार. ते सुधारल्याखेरीज पेट्रोलची किंवा वेगाची चाचणी घेऊन काही उपयोग नाही.

आवाजाचा उगमही इथेच कळतो. ६० कि.मी. वेगाला गाडीत घूं असा आवाज येतो. न्यूट्रल करून इंजिन बंद केलं आणि आवाज तसाच राहिला, तर तो एक्सलचा किंवा टायरचा. गेला, तर इंजिनाचा किंवा भार घेणाऱ्या गिअरचा. उभ्या गाडीत १२८८ आरपीएमला तोच आवाज आला तर नक्की इंजिनाचा.

सहा सिलिंडरच्या लांब क्रँकशाफ्टची एक खोड आहे: ठरावीक आरपीएमला तो पिळवटल्यासारखा थरथरतो. ओला कपडा दोन्ही टोकांनी धरून झटके दिले की जसा होतो तसं. रोल्स-रॉईसचे अभियंते हेन्री रॉईस यांनी सुरुवातीच्या सहा सिलिंडरच्या गाड्यांत हे भोगलं होतं आणि क्रँकच्या पुढच्या टोकाला घर्षणाचा डँपर (थरथर शोषणारा भाग) बसवून ते आवरलं. बिर्किग्ट यांनी सात बेअरिंगांवरचा, अखंड स्टीलमधून तासलेला जाड क्रँक केला. दोघींत काय फरक पडला हे पाहायला टॉपमध्ये आरपीएम ५०-५० ने वाढवत न्या आणि प्रत्येक टप्प्यावर दहा सेकंद थांबा. घाईने पुढे गेलात तर थरथरीचा टप्पा निसटून जातो. गिअर लिव्हरवर दोन बोटं टेकवून ठेवा. कानाआधी बोटांना कळतं.

टॉप गिअरचं वेड

त्या काळी गिअर बदलणं कष्टाचं होतं, गिअरांचे वेग आपोआप जुळवणारं सिंक्रोमेश आलं नव्हतं. म्हणून माणसाच्या चालीच्या वेगापासून पुढे सगळं टॉपमध्येच व्हावं, ही मोठ्या गाडीकडून अपेक्षा. चाचणी अशी: टॉपमध्ये १५ कि.मी. वेगाला गाडी स्थिर धरा, अ‍ॅक्सिलरेटर हळू पण पूर्ण दाबा, ५० ला पोहोचेपर्यंत सेकंद मोजा. स्टिअरिंगवरचा इग्निशनचा लिव्हर आधी मागे घ्या आणि वेग वाढेल तसा पुढे द्या, नाहीतर नॉकिंग होऊन बेअरिंगवर हातोडे बसतात. आजच्या पेट्रोलचा ऑक्टेन त्या काळच्यापेक्षा बराच वर आहे. त्यामुळे नॉकिंग ऐकू आलं नाही याचा अर्थ १९२२ मध्येही ते होत नव्हतं असा नाही, आणि जुन्या नोंदींशी आजचे सेकंद ताडून पाहू नयेत.

टॉपच्या या हौसेची किंमत रोल्स-रॉईसने १९१२ मध्ये मोजली. ऑस्ट्रियातल्या आल्प्स चाचणीत जेम्स रॅडली यांची तीन गिअरची सिल्व्हर घोस्ट कात्शबर्गच्या चढावर अडली, माणसं उतरवावी लागली. कंपनीने मनावर घेतलं आणि १९१३ मध्ये चार गिअरच्या गाड्या त्याच डोंगरांत पाठवून नाव राखलं. सपाटीवर कितीही मोजलं असतं तरी ही उणीव कळली नसती.

चढावर आणखी एक गोष्ट मोजायची: रेडिएटरच्या वरच्या टाकीतल्या पाण्याचं तापमान. पण नुसतं ते लिहू नका, त्यातून हवेचं तापमान वजा करून लिहा. इंग्लंडमध्ये १५ अंशांत पाणी ७५ वर असेल तर फरक ६० चा. तोच चढ, तीच चाल, पण मे महिन्यातल्या नागपूरच्या ४३ अंशांत पाणी १०३ वर जाणार, म्हणजे उकळणार. भारतातल्या संस्थानिकांना गाडी विकायची तर हा वजाबाकीचा आकडा आधी बघावा लागे. १९०८ मध्ये रोल्स-रॉईसने मुंबई-कोल्हापूर चाचणीत घाट चढून दाखवले ते याच बाजारासाठी.

घाटात एक जुनी बिमारी भेटते आणि बरेच जण तिला कार्ब्युरेटरचा दोष समजतात. या काळातल्या बऱ्याच गाड्यांत पेट्रोल मागच्या टाकीतून बोनेटखालच्या छोट्या टाकीत इंजिनाच्या व्हॅक्यूमने ओढलं जातं. लांब चढावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असला की व्हॅक्यूम जवळजवळ राहत नाही, छोटी टाकी रिकामी होते आणि इंजिन खोकत बंद पडतं. उपाय साधा आहे: मधूनमधून पाच-सात सेकंद पाय उचला, टाकी भरू द्या. चाचणीच्या वहीत मात्र ‘इतक्या मिनिटांनी पेट्रोल तुटलं’ हे नोंदवा, कारण तीही रचनेचीच मर्यादा आहे.

ब्रेक, जिथे सगळा फरक होता

मागच्या दोनच चाकांना ब्रेक असले तर काय होतं ते आकड्यांत पाहा. गाडी २३०० किलोची, उभी असताना मागच्या चाकांवर १२६५ किलो. ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं. व्हीलबेस ३.६५ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून पाऊण मीटरवर धरला, तर मागच्या चाकांवर साधारण ११२० किलो उरतं. कोरड्या रस्त्याची पकड ०.६ धरली तर ती चाकं जास्तीत जास्त सुमारे ६७० किलोचा जोर लावू शकतात, त्यापुढे घसरतात. म्हणजे पूर्ण गाडीच्या वजनाच्या जेमतेम ३० टक्के. चारही चाकांना ब्रेक असतील तर हाच आकडा ६० टक्क्यांपर्यंत जातो.

ताशी ६४ कि.मी., म्हणजे त्या काळचे ४० मैल. पहिल्या गाडीला थांबायला सुमारे ५४ मीटर लागतात, दुसरीला २७. ड्रायव्हर कितीही कसलेला असो, ब्रेक कितीही चांगले लावलेले असोत, मधले २७ मीटर कमी होत नाहीत. शिवाय मागची चाकं घसरली की शेपूट फिरते. चाचणीनंतर रचना करणाऱ्यांना सांगायची गोष्ट ही: आपले ब्रेक कमजोर नाहीत, आपल्या ब्रेकची जागा अपुरी आहे.

मग पुढे ब्रेक लावले की झालं का? नाही. सव्वादोन टनांची गाडी चार ड्रमनी थांबवायला पायाचा जोर पुरत नाही. इथे बिर्किग्ट यांचा सर्व्हो येतो. गिअरबॉक्सच्या बाजूला एक छोटं ड्रम आहे. चाकं फिरत असली की वर्म गिअरमधून तेही फिरतं, पण पुष्कळ सावकाश. पेडल दाबलं की आतले शूज त्या फिरत्या ड्रमवर हलकेच टेकतात. ड्रम त्यांना आपल्याबरोबर ओढून नेतं आणि ही ओढ दांड्यांमार्फत चाकांच्या ब्रेकपर्यंत जाते. विहिरीचा दोर फिरत्या रहाटाला दोन वेढे देऊन हाताने नुसता धरला की बादली वर येते ना, तसंच. हात फक्त धरतो, ओढतो रहाट. इथे रहाट फिरवणारा गाडीचा स्वतःचा वेग आहे.

रचनेतच तिच्या मर्यादा आहेत आणि चाचणी त्या शोधण्यासाठी हवी. पेडलवर दर वेळी सारखा जोर लावा. पेडलला साखळी बांधून ताणकाट्याने २० किलोची ओढ द्यायची, पायाचा अंदाज नको. ६४, ३२ आणि ८ कि.मी. या तीन वेगांवरून थांबा. ८ च्या वेगाला ड्रम इतकं सावकाश फिरतं की मदत यायला क्षणभर उशीर होतो, आणि मग ती एकदम येते. गर्दीत सरकताना ड्रायव्हरने घाबरून आणखी दाबलं तर मागच्या सीटवरचा मालक पुढे आदळतो. हा अनुभव वहीत वेगळा लिहायचा, कारण थांबण्याच्या अंतरात तो दिसत नाही.

त्यानंतर दहा थांबे, एक मिनिटाच्या अंतराने, ६४ वरून. दहाव्याला पहिल्यापेक्षा अंतर किती वाढलं ते पाहा. हिस्पानोचे ड्रम अ‍ॅल्युमिनियमचे, आत वेगळ्या धातूचं अस्तर. उष्णता लवकर पसरते. थांबे झाल्यावर गाडी सरळ रेषेत थांबली का, तेही चाकांच्या खुणांवरून तपासा. लीफ स्प्रिंगवरच्या सलग एक्सलला पुढचे ब्रेक लावले की ब्रेकच्या जोराने एक्सल पिळतो आणि स्टिअरिंगचा रॉड ओढला जातो. काही गाड्यांत पुढची चाकं डावी-उजवी थरथरू लागतात. पुढचे ब्रेक बसवताना एक्सल, स्प्रिंगा आणि स्टिअरिंगची भूमिती एकत्रच पाहावी लागते. नुसते ड्रम उचलून लावले असते तर थांबण्याचं अंतर सुधारून स्टिअरिंग बिघडलं असतं.

हल्ली मोबाईलवर जी-फोर्स मोजण्याची सोय असते. चालेल, पण फोन सीटवर ठेवू नका. शिवाय ब्रेक लागल्यावर मऊ स्प्रिंगांवर नाक तीन अंश झुकलं तरी ०.०५ जी जास्त दिसतो. टेपने मोजलेलं अंतर जास्त भरवशाचं.

शंभर वर्षांच्या गाडीवर या चाचण्या घेण्याआधी लाकडी आरे असतील तर एकेक हलवून पाहा, टायर किती जुने आहेत ते पाहा आणि ६४ च्या आधी ३२ वरून तीन थांबे घ्या. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. इंजिन कमाल वेगाच्या तीन चतुर्थांशापुढे नेऊ नका. व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूचं बेअरिंग वितळलं तर ते पुन्हा ओतून देणारे हात आता फार थोडे उरले आहेत.

मागच्या सीटवरून

आलिशान गाडीची तपासणी मागच्या सीटवर बसल्याशिवाय पूर्ण होत नाही. कारखान्याचा ड्रायव्हर पुढे बसून दहा हजार मैल चालवतो आणि त्याला गाडीची सवय होते. आपल्या गाडीची रोजची कुरकुर त्याला ऐकू येईनाशी होते आणि दुसऱ्याच्या गाडीची नवी कुरकुर मात्र टोचते. म्हणून मोटारीच्या धंद्यातला नसलेला माणूस मागे बसवा. तासभर दोन्ही गाड्यांतून, त्याच रस्त्याने न्या. काय विचारायचं ते ठरवून ठेवा: बोलताना आवाज चढवावा लागला का, गिअर बदललेला कळला का, ब्रेक लागताना हात टेकावा लागला का. ‘कोणती आवडली’ हे विचारू नका.

या दोन गाड्यांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं. हिस्पानो स्वतः चालवणाऱ्या मालकाला डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली, सिल्व्हर घोस्ट बहुधा शोफरच्या हातात. स्टिअरिंगवर बसून हिस्पानो तरतरीत वाटेल, मागे बसून कदाचित तीच अस्वस्थ करेल. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत आणि दोन्ही लिहाव्यात.

सगळं झाल्यावर गाडी उघडायची वेळ येते. पण त्याआधी आपली स्वतःची गाडी पुन्हा एकदा त्याच रस्त्यावर, त्याच वजनाने चालवा. सकाळच्या आणि संध्याकाळच्या आकड्यांत जितका फरक पडेल, तितकी आपल्या मोजण्याची चूक. दोन गाड्यांतला फरक त्याहून कमी असेल तर तो फरक नाहीच.

रोल्स-रॉईसने सर्व्हो घेतला तेव्हा तो तसाच उचलला नाही. शूज आणि ड्रमऐवजी घर्षणाच्या चकत्या वापरल्या आणि पेडलचा थेट जोरही ब्रेकपर्यंत पोहोचत राहील अशी दांड्यांची मांडणी केली. १९२५ च्या फँटममध्येही तोच होता. गाडी उभी असली की चकती फिरत नाही आणि सर्व्होची मदत शून्य, हे मात्र तिथेही सुटलं नाही. म्हणून या दोघींपैकी कोणतीही गाडी चाचणीच्या चढावर थांबवली असेल, तर पेडलवर पाय ठेवून वही लिहीत बसू नका. हँडब्रेक ओढा, आणि खाली उतरून आधी चाकामागे दगड लावा.